वर्गणीची पावती आणि व्हॉट्सॲपचा गट

गिरणगावातल्या एका रात्रशाळेच्या विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या छोट्या न्यासाचे समाजमाध्यमांवरील काम मी गेली आठ वर्षे सांभाळते आहे. दिवसा फोर्टमधली बँकेची नोकरी करायची आणि संध्याकाळी डोंबिवलीच्या गाडीत बसायला जागा मिळाली की फोनवर न्यासाचे निरोप वाचायला घ्यायचे, असा माझा दिनक्रम आहे. अलीकडे आमच्यासारख्याच लहान संस्थांचे कार्यकर्ते भेटतात तेव्हा त्यांच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो: “ताई, आमच्या पानाला लाइक भरपूर येतात, पण हाक दिली की कोणीच का येत नाही?” या प्रश्नाचे माझ्या अनुभवातून सापडलेले उत्तर सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हे टिपण.

हा अनुभव आम्हालाही आलेला आहे. रात्रशाळा साधारण साडेसहाला भरते. कुरिअरचे, वाण्याच्या दुकानातले, केटरिंगचे काम आटोपून मुले थेट वर्गात येतात आणि पहिले दोन तास त्यांचे लक्ष पोटाकडे असते. शाळा भरण्यापूर्वी मुलांना काहीतरी खायला मिळावे यासाठी २०१८ च्या पावसाळ्यात आम्ही फेसबुकच्या पानावर एक आवाहन टाकले. त्यासाठी चांगले छायाचित्र निवडले होते आणि मजकूरही दोनदा तपासला होता. त्याखाली हृदयाच्या खुणा उमटल्या, ‘फार मोठे कार्य’ असे अभिप्राय आले, आणि प्रत्यक्षात देणगी देणारे मोजून चौघे निघाले, त्यांतले दोघे विश्वस्तांचे नातेवाईक. त्याच आठवड्यात आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जे आता बदलापूरला राहतात, आपल्या जुन्या दहावीच्या तुकडीच्या व्हॉट्सॲप गटावर एक साधी ओळ लिहिली: “आपल्या वर्गात आजही पोरं उपाशी बसतात, एका आठवड्याच्या वडापावचा भार कोण घेतो?” दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिवाळीपर्यंतचे सगळे आठवडे वाटले गेले होते.

दोन्ही ठिकाणी गरज तीच होती. फेसबुकवरच्या अपयशाचे एक कारण तांत्रिक होते, हे मला नंतर समजले. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने वापरकर्त्यांना काय दिसावे याचे धोरण बदलले आणि संस्था व व्यवसाय यांच्या पानांपेक्षा मित्र व कुटुंबीय यांच्या मजकुराला अधिक प्राधान्य देण्याचे जाहीर केले. म्हणजे आमच्या पानाला पसंती दिलेल्या बहुतेकांपर्यंत ते आवाहन पोहोचलेच नसणार. परंतु सगळा दोष यंत्रावर टाकणे मला पटत नाही. पानावर आम्ही एका बाजूने बोलत होतो आणि समोरची माणसे एकमेकांना अनोळखी होती. त्या तुकडीच्या गटावर मात्र विचारणारा ओळखीचा होता, मागितलेली गोष्ट नेमकी होती, आणि ‘मी घेतो’ असे कोण म्हणतो ते बाकीच्या सगळ्यांना दिसत होते.

हे वाचून लालबाग-परळमध्ये वाढलेल्या कोणालाही वर्गणीची आठवण होईल. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि त्यानंतर मुंबईच्या चाळी-चाळींत वर्गणी ही एक रीत होऊन बसली. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. गणपतीच्या आधी मंडळाची मुले पावती पुस्तक घेऊन दारात आली की ते नेहमी पावतीवरचे आपले नाव वाचून बघत आणि मगच पैसे देत. विसर्जनानंतर जमाखर्चाचा कागद जिन्याखालच्या फळ्यावर लागे आणि पाच रुपये देणारा माणूसही ‘मांडवाच्या रोषणाईला एवढे पैसे कसे गेले?’ असा प्रश्न कार्यकर्त्याला थांबवून विचारू शके. वर्गणी देणाऱ्याला हा विचारण्याचा हक्क मिळत असे, आणि त्या हक्कामुळेच तो पुढच्या वर्षी पुन्हा देई. संस्थेच्या पानावर हृदयाची खूण टेकवणाऱ्या माणसाला आपण असा कोणताही हक्क देत नाही, मग त्याने हाकेला यावे अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

गिरणगावाच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार अशी पांगली, तर काही कोकणात आणि साताऱ्याकडे गावी परतली. ज्या माणसांनी या रात्रशाळेत शिकून नोकऱ्या मिळवल्या ती आज शाळेपासून दोन-दोन तासांच्या अंतरावर राहतात. त्यांना शाळेविषयी आत्मीयता आहे, पण ती दाखवायला वाट नाही. समाजमाध्यमांचा आमच्या कामातला खरा उपयोग मला इथे दिसला: नवे प्रेक्षक मिळवण्यापेक्षा पांगलेली आपली माणसे पुन्हा एकमेकांच्या शेजारी आणून बसवणे.

म्हणून आम्ही पानावरचे श्रम कमी केले आणि तुकड्यांचे गट बांधायला घेतले. प्रत्येक दहावीच्या तुकडीतला एकतरी माणूस शोधायचा, त्यानेच आपल्या ओळखीच्यांना गोळा करायचे आणि न्यासाचा कार्यकर्ता त्या गटात फक्त एक सदस्य म्हणून असायचा, अशी रचना ठेवली. सर्वांना एकाच मोठ्या गटात कोंबण्याचा मोह विश्वस्तांना होता. पूर्वी व्हॉट्सॲपच्या गटात २५६ माणसांची मर्यादा होती, ती २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली, तेव्हा हा आग्रह पुन्हा निघाला. मी त्याला विरोध केला आणि आजही करते. शंभरावर माणसे झाली की अनोळखी लोकांसमोर ‘मला जमेल का ते सांगतो’ असे लिहायला साधा माणूस कचरतो, आणि मग बोलणारी तीच पाच-सहा माणसे उरतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कम्युनिटीची सोय आली, ती मात्र आम्हाला उपयोगी पडली, कारण लहान गट आहेत तसे राहतात आणि सर्वांसाठीचा निरोप घोषणांच्या एका जागी देता येतो. त्या घोषणांच्या जागेत सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक इतर सदस्यांना दिसत नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. साध्या गटात क्रमांक सर्वांना दिसतात, आणि आमच्या दोन स्वयंसेविकांना त्यातून रात्री-अपरात्री नको ते निरोप येऊ लागल्यावरच आम्हाला त्याचे गांभीर्य कळले. पाठवणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी काढून टाकले, पण त्यांतली एक मुलगी पुन्हा गटात आली नाही.

एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीविषयी एक छोटी सूचना करते, कारण अनेक संस्था इथे चुकतात. ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच ब्रॉडकास्टचा निरोप पोहोचतो. त्यामुळे माणूस भेटला की आधी त्याला न्यासाचा क्रमांक नावानिशी जतन करायला सांगावे.

आता मागण्याविषयी. गट बांधल्यावर पहिले सहा महिने पैसे मागायचे नाहीत, असे आम्ही ठरवले आणि काही अपवाद वगळता ते पाळले. त्याऐवजी वेळ, माहिती आणि ओळख मागितली. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बीजगणित कोण शिकवू शकेल, जुनी नवनीतची मार्गदर्शके कोणाकडे पडून आहेत, वांद्र्याच्या दुकानातून सुटून साडेसहाला परळला पोहोचायला कोणती बस बरी, असे प्रश्न आम्ही टाकले. त्या शेवटच्या प्रश्नाला बेस्टमधून निवृत्त झालेल्या एका वाहककाकांनी इतके तपशीलवार उत्तर दिले की पुढे सगळ्याच मुलांच्या येण्याजाण्याचा विचार त्यांच्याकडे गेला, आणि आज प्रवासाचा पास काढून देण्याचे काम तेच पाहतात. त्यांनी न्यासाला एक रुपयाही दिलेला नाही, आणि त्यांच्याइतका मोलाचा हितचिंतक आमच्याकडे दुसरा नाही. दादरला उतरायला त्यांना त्रास होतो म्हणून मुले त्यांना भेटायला कळव्याला जातात. ही भेटीगाठींची साखळी कोणत्याही पानावर दिसत नाही, पण न्यासाला धरून ठेवणारी गोष्ट तीच आहे.

मागताना काम लहान, नेमके आणि मुदत असलेले असावे. ‘शक्य तितकी मदत करा’ हे वाक्य मी आमच्या लिखाणातून काढून टाकले आहे, कारण त्यातून माणसाला काय करायचे ते कळत नाही आणि न केल्याचे शल्य मात्र उरते. मागणाराही ओळखीचा असावा. टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये दर जानेवारीत शेकडो धावपटू आपल्या आवडीच्या संस्थेसाठी निधी गोळा करतात. त्यांना देणारे लोक बहुतेक वेळा संस्थेला ओळखत नसतात, ते आपल्या धावणाऱ्या मित्राला देत असतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरही हेच घडले. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली आणि शनिवार-रविवारी येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा सन्मान मिळाला. समाजमाध्यमांनी त्या कामाला लोक पुरवले हे खरे, पण आलेल्या प्रत्येकासाठी तिथे हातमोजे, पिशवी आणि वाकून उचलण्याजोगे काहीतरी तयार होते.

याच्या उलट, लाटेवर स्वार होण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांना २०१४ च्या, डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याच्या ‘आइस बकेट’ आव्हानाची भुरळ पडते. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला त्यातून सुमारे साडेअकरा कोटी डॉलर मिळाले आणि ते संशोधनाला उपयोगी पडले, याबद्दल मला आदरच आहे. पण तशी लाट ठरवून आणता येत नाही, आणि आमच्या शाळेला दर संध्याकाळी साडेसहाला नाश्ता लागतो.

फॉरवर्ड केलेल्या निरोपांविषयीही माझे मत असेच आहे. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपने अनेकदा पुढे पाठवलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले, आणि अशा निरोपावर दुहेरी बाणाची खूण असते. ती खूण दिसली की लोक खरे आवाहनही खोटे समजतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. आम्ही सदस्यांना तयार मजकूर देणे बंद केले. गरज काय ती चार मुद्द्यांत सांगतो आणि ‘तुमच्या शब्दांत, तुम्हाला जमेल तशा भाषेत लिहा’ एवढीच विनंती करतो. व्याकरणाच्या चुका असलेला, पण वडिलांच्या रात्रशाळेच्या आठवणीने सुरू होणारा निरोप आमच्या कोणत्याही नेटक्या मजकुरापेक्षा अधिक माणसे आणतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

त्या २०२० च्या वसंतातच या गटांची खरी परीक्षा झाली. टाळेबंदी लागली, शाळा बंद पडली, मुलांच्या नोकऱ्या गेल्या, आणि शिक्षकांनी फोनवर वर्ग घ्यायचे ठरवले तेव्हा मुलांकडे डेटा नव्हता. मोठा निधी उभारायला वेळ नव्हता. आम्ही तुकड्यांच्या गटांवर सांगितले की एका सदस्याने एका मुलाच्या फोनचे रिचार्ज दर महिन्याला करावे आणि रिचार्ज झाल्यावर त्या मुलाला फोन करून दोन मिनिटे बोलावे. हा दुसरा भाग माझ्या एका सहकाऱ्याने सुचवला होता आणि मला तो आधी अनावश्यक वाटला होता. पुढे त्या दोन मिनिटांच्या बोलण्यातूनच कोणाच्या घरी शिधा संपला आहे, कोण गावी पायी निघायच्या विचारात आहे, कोणाची आई आजारी आहे, हे आम्हाला कळत गेले. दहावी झाल्यावरही काही मुलांचे ते फोन चालू आहेत.

आता आमच्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहिणे भाग आहे. आमच्या पानावर आम्ही एका विद्यार्थ्याचे छायाचित्र टाकले होते. तो सतरा वर्षांचा होता, दिवसा एका दुकानात काम करायचा, आणि आम्ही त्याच्या कष्टांचे वर्णन आमच्या मते फार सहानुभूतीने केले होते. त्याला विचारले होते, तो ‘चालेल’ म्हणाला होता. पण शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांसमोर विचारल्यावर मुलगा दुसरे काय म्हणणार, हे आमच्या लक्षात यायला हवे होते. ते छायाचित्र फिरत फिरत त्याच्या दुकानातल्या मुलांपर्यंत पोहोचले, ते त्याला ‘बिचारा’ म्हणून हाक मारू लागले, आणि तो शाळेत यायचा थांबला. छायाचित्र आम्ही काढून टाकले, मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याच्या आईने चहा दिला, राग धरला नाही. तो त्या वर्षी परत आला नाही.

तेव्हापासून आमचे नियम कडक आहेत. विद्यार्थ्याचा चेहरा आम्ही दाखवत नाही. वह्या, फळ्यावरची गणिते, रात्री साडेनऊला बंद होणारे फाटक, एवढी चित्रे पुरेशी होतात. कोणाला स्वतःहून आपली गोष्ट सांगायची असेल तर ती दहावीनंतर, स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या शब्दांत सांगावी, आम्ही फक्त तिकडे लक्ष वेधतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक केली आहे. परंतु कायदा नसता तरी आम्ही हेच केले असते. दया उत्पन्न करणाऱ्या चित्राने एकदा पैसे मिळतात, आणि ज्याच्यासाठी पैसे मागितले तो मुलगा मात्र आपल्याच शाळेच्या दारात मान खाली घालून उभा राहतो. माजी विद्यार्थ्यांनी तर हे मला स्पष्टच ऐकवले होते, कारण त्या जागी त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता.

पैशांबाबतही जुनी वर्गणीची शिस्त उपयोगी पडते. यूपीआयमुळे शंभर रुपये देणे सोपे झाले, आणि फसवणेही तितकेच सोपे झाले. आमच्या क्यूआर कोडखाली आम्ही ठळकपणे लिहितो की स्कॅन केल्यावर पडद्यावर न्यासाचे नोंदणीकृत नाव दिसलेच पाहिजे, व्यक्तीचे नाव दिसल्यास पैसे पाठवू नयेत. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे, हे सदस्यांना सांगत राहावे लागते. देणगीवरची आयकरातली ८०-जी खालील सवलत हवी असणाऱ्याकडून पॅन घ्यावा लागतो, २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून दहा-बीई क्रमांकाचे प्रमाणपत्र देणे संस्थेवर बंधनकारक झाले, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. गटातल्या कोणाचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि तो प्रेमाने पैसे पाठवायला निघतो. त्याच्याकडे भारतीय पारपत्र असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण त्याने नागरिकत्व बदलले असेल तर, परदेशस्थ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही, ती परदेशी देणगी ठरते, आणि त्यासाठी परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी व नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते लागते. आमच्याकडे ही नोंदणी नाही, म्हणून असे पैसे आम्ही नम्रपणे नाकारतो आणि त्या मुलाला रविवारचा इंग्रजीचा तास घ्यायची विनंती करतो. असे दोघे जण आज शिकवतात.

दर महिन्याच्या पाच तारखेला जमाखर्चाचा कागद घोषणांच्या जागी लागतो. वडापावचा दर वाढला तर तोही त्यात लिहिलेला असतो. मागच्या पावसाळ्यात छत्र्यांच्या खरेदीवर एका सदस्याने आक्षेप घेतला, मस्जिद बंदरला निम्म्या भावात मिळाल्या असत्या असे त्यांचे म्हणणे होते. काही विश्वस्तांना हे बोलणे लागले. मला मात्र जिन्याखालचा तो फळा आठवला, आणि पुढची खरेदी त्याच सदस्याकडे सोपवावी असे मी सुचवले. त्यांनी ती केली, आणि खरोखरच कमी पैशांत केली.

एका बाबतीत आम्ही उशिरा जागे झालो. आमचे पहिले पान एका उत्साही कार्यकर्त्याने स्वतःच्या खात्यावरून उघडले होते. तो नोकरीसाठी बाहेर गेला, त्याचे खाते बंद पडले आणि पानही हातचे गेले. व्हॉट्सॲपचे सगळे गट तर माझ्याच क्रमांकावर बांधलेले होते. मला काही झाले असते तर आठ वर्षांत जोडलेली माणसे पुन्हा पांगली असती. या वर्षी न्यासाच्या नावाने स्वतंत्र सिमकार्ड घेतले, सर्व गटांवर तो क्रमांक ॲडमिन म्हणून आणला आणि परवलीचे शब्द लिहिलेली वही शाळेच्या कपाटात ठेवली. तो फोन आता रात्रशाळेतूनच शिकलेली दोन मुले आलटून पालटून सांभाळतात: सोमवार ते बुधवार एकजण, गुरुवार ते शनिवार दुसरी. रविवारी फोन कपाटात राहतो, आणि त्या दिवशी कोणाला तातडीची गरज लागली तर निरोप आपापल्या तुकडीच्या गटावर टाकावा, असे त्या दोघांनी पहिल्याच आठवड्यात सर्वांना कळवले आहे.